बाबांची डिसेबिलिटी पेन्शन २००२ ला नामंजूर झाली होती. आता लढलो तर एरियर कोणत्या तारखेपासून मिळेल?

दारव्ह्याची लेक (जि. यवतमाळ)

नमस्कार. बाबा महार रेजिमेंटमध्ये होते. १९८४ ला भरती झाले, सतरा वर्षांची नोकरी पूर्ण करून २००१ ला घरी आले. सर्व्हिस पेन्शन वेळेवर जमा होते, त्याबद्दल काही म्हणणं नाही. विषय त्यांच्या पाठीचा आहे.

काश्मीरात उंचावर पोस्टिंग असताना रॉकेलचे जेरीकॅन पाठीवर बांधून वर चढवायची ड्युटी होती. तिथूनच कमरेचं दुखणं सुरू झालं. "गोया देल्या अन् पुन्ना वर धाडलं," एवढंच ते सांगतात. पुढे मिलिटरी हॉस्पिटलमध्ये भरती केलं, मणक्याची गादी सरकल्याचं निघालं, आणि शेवटपर्यंत लो मेडिकल कॅटेगरीत राहिले. घरी येताना मेडिकल बोर्ड झाला. त्यात अपंगत्व ३० टक्के, आयुष्यभरासाठी, असं लिहिलं आहे. पण २००२ ला पत्र आलं की हा आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही, म्हणून डिसेबिलिटी पेन्शन नामंजूर. पत्र इंग्रजीत होतं. ते काळ्या पेटीत डिस्चार्ज बुकाखाली पडून राहिलं. मी मागच्या महिन्यात माहेरी आले तेव्हा वाचलं.

आज बाबांना कपाशीच्या तासात वाकता येत नाही. बसलेले असले तर उठताना आधी दोन्ही हात गुडघ्यावर रोवतात, मग थोडा वेळ तसेच थांबतात, मग कुठे कंबर सरळ होते.

तालुक्याला एकाने सांगितलं की वीस वर्षं उलटली, केस संपली. दुसरा एक माणूस घरी येऊन गेला. तो म्हणतो २००१ पासूनचा सगळा पैसा काढून देतो, निम्मा माझा, आणि आताच कोऱ्या कागदांवर सह्या हव्यात. खरं काय आहे? मागणी कुठल्या तारखेपासून करता येते?

अकोल्याचा फौजी

ताई, कोऱ्या कागदावर सही अजिबात नाही. स्पर्श या फौजी पेन्शनच्या सरकारी पोर्टलवर बाबांचं लॉगिन उघडा, पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश डाउनलोड करा. तक्रारसुद्धा तिथूनच टाकता येते. पण नामंजूर झालेली केस नुसत्या तक्रारीने उघडत नाही, हे लक्षात ठेवा. मोर्शीचे सुभेदार साहेब इथे असतात, ते नीट सांगतील.

सुभेदार क्लार्क (निवृत्त), मोर्शी

बेटा, केस संपलेली नाही. आणि २००१ पासूनचं सगळं मिळणारच असं जो छातीठोक सांगतो त्याला दारातूनच परत पाठव. सैन्यात मी कागदच सांभाळले, आणि घरी आल्यापासून मोर्शी-वरुडकडच्या माजी सैनिकांचे कागद पाहतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो, बाबांना वाचून दाखव.

आधी तारखेचं. सर्वोच्च न्यायालयाचा तरसेम सिंग यांचा निकाल आहे, ऑगस्ट २००८ चा. त्यांना १९८३ ला मेडिकलवर घरी पाठवलं होतं आणि ते हायकोर्टात गेले १९९९ ला, म्हणजे सोळा वर्षांनी. कोर्टाने दोन गोष्टी सांगितल्या. पेन्शन न देण्याचा अन्याय दर महिन्याला नव्याने होतो, म्हणून उशीर झाला एवढ्यावरून केस फेकून देता येत नाही. ही पहिली. आणि दुसरी, इतक्या उशिरा आलात तर मागची थकबाकी याचिका दाखल केल्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच. ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे फौजींच्या केस चालतात त्या सशस्त्र दल न्यायाधिकरणात, सरकारी वकील हाच निकाल पुढे ठेवतो.

आता याचा अर्थ नीट समजून घे. ही तीन वर्षं बाबांच्या डिस्चार्जपासून मोजत नाहीत आणि पत्र सापडल्यापासूनही मोजत नाहीत. अर्ज ट्रिब्युनलमध्ये ज्या दिवशी दाखल होतो तिथून मागे मोजतात. त्यामुळे "पाहू दिवाळीनंतर", "सोयाबीन निघालं की जाऊ" असं म्हणत गेलं की मागचा एकेक महिना कायमचा सुटत जातो. आमच्या भागात माणसं याच्यात फार गमावतात. केस चांगली, कागद चांगले, आणि वर्षानुवर्षं नुसती चौकशी चाललेली. मला हे बघवत नाही.

रकमेचा अंदाज देतो. डिसेबिलिटी एलिमेंट, म्हणजे अपंगत्वापोटी पेन्शनवर मिळणारी जादा रक्कम, १०० टक्के अपंगत्वाला हिशेबी पगाराच्या (पेन्शनसाठी धरतात त्या पगाराच्या) ३० टक्के असतं. बाबांचे ३० टक्के आहेत, पण ब्रॉड-बँडिंगने, म्हणजे टक्केवारी वरच्या टप्प्यावर नेण्याच्या नियमाने, ५० च्या आतले सगळे ५० धरले जातात. म्हणजे पगाराच्या १५ टक्के. उदाहरणापुरता हिशेबी पगार २०,००० धरला तर महिन्याला ३,००० आणि त्यावर महागाई. तीन वर्षांचे झाले १,०८,००० आणि वरची महागाई वेगळी. पुढे आयुष्यभर दर महिन्याला चालू राहील ते आणखी वेगळं. तो घरी आलेला माणूस यातलाच निम्मा मागतो आहे.

ब्रॉड-बँडिंग पूर्वी फक्त मेडिकलवर काढलेल्यांना मिळायचं. बाबांसारखे नोकरी पूर्ण करून आले त्यांना सरकार नाही म्हणायचं. राम अवतार यांच्या प्रकरणात १० डिसेंबर २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने तो भेद काढला. तेव्हा अर्जात "५० टक्के" हे शब्द स्वतंत्र मागणी म्हणून लिहायचे. नुसती ३० टक्क्यांची पेन्शन मागितली तर तेवढीच हातात पडेल.

आणि मूळ नामंजुरीचं काय? त्यासाठी धरमवीर सिंग यांचा जुलै २०१३ चा निकाल वाच. त्यांना फिट येण्याचा आजार होता, १९८५ ला भरती, १९९४ ला बोर्ड-आउट, म्हणजे मेडिकलवर घरी. कोर्टाने म्हटलं, भरतीच्या वेळी डॉक्टरांनी तपासून धडधाकट म्हणून घेतलं, कुठल्याही आजाराची नोंद केली नाही, तर पुढे झालेला आजार सेवेमुळेच झाला असं धरायचं. तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, जवानाची नाही. आणि मेडिकल बोर्डाने "सेवेशी संबंध नाही" म्हणायचं असेल तर कारण लिहिलं पाहिजे.

म्हणून पेटीतला बोर्डाचा कागद काढ. वर एएफएमएसएफ-१६ असं छापलेलं असेल. त्यात एक प्रश्न असतो, हा आजार नोकरीत येण्याआधी होता का? तिथे "नाही" लिहिलं आहे का पाहा. मग पुढचा तक्ता पाहा, आजाराचं नाव, सेवेमुळे झाला का, सेवेने वाढला का, आणि शेवटी कारणाचा रकाना. त्या रकान्यात काय लिहिलंय ते मला जसंच्या तसं उतरवून पाठव. बहुतेक ठिकाणी एक ओळ असते, "आजार शारीरिक ठेवणीमुळे" या अर्थाची. जेरीकॅन वाहणाऱ्या माणसाच्या कमरेबद्दल एवढीच ओळ लिहिली असेल तर धरमवीर सिंगच्या निकालापुढे ती टिकणं अवघड आहे.

कागद अपुरे असतील तर बाबांच्या स्वतःच्या नावाने माहिती अधिकाराचा अर्ज महार रेजिमेंटच्या सागर (मध्य प्रदेश) इथल्या रेकॉर्ड ऑफिसला टाक. तुझ्या नावाने टाकशील तर वैयक्तिक माहिती म्हणून परत येईल. आर्मी नंबर, पीपीओ नंबर, ओळखपत्राची प्रत लाव. भरतीच्या वेळचा मेडिकल, हॉस्पिटलचे कागद, कॅटेगरी बोर्ड, रिलीज बोर्ड, नामंजुरीचं पत्र, सगळ्यांच्या प्रती माग. पेन्शन नसलेल्या जवानाचे कागद २५ वर्षांनी नष्ट करतात. बाबा पेन्शनर आहेत, म्हणून तिथे असायला हवेत.

उत्तराची वाट पाहत पहिलं अपील थांबवू नको. अपील रेकॉर्ड ऑफिसमार्फत जातं. नामंजुरीपासून सहा महिन्यांत करायचं असतं, ती मुदत केव्हाच गेली, म्हणून उशीर माफ करण्याची विनंती त्याच अपिलात लिही: इंग्रजी येत नव्हतं, कोणी समजावलं नाही, कमरेचं दुखणं. खरं तेच लिही, पुरेसं आहे. अपील पोचल्यापासून सहा महिने मोज. नाही म्हणाले किंवा उत्तरच आलं नाही, तरी सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात जाता येतं. महाराष्ट्र त्याच्याकडे आहे.

सिंदखेडराजा, जि. बुलढाणा

सुभेदार साहेब, जय हिंद. माझे मिस्टर आर्टिलरीत होते. कानाने जवळजवळ ऐकू येत नव्हतं, तोफांमुळे. त्यांनाही असंच नामंजूर केलं होतं. दोन वर्षांपूर्वी ते वारले. मला फॅमिली पेन्शन आहे. त्यांच्या हक्काचं मी मागू शकते का?

सुभेदार क्लार्क (निवृत्त), मोर्शी

वहिनी, जय हिंद. वारस म्हणून मागू शकता. मात्र डिसेबिलिटी एलिमेंट त्यांच्या हयातीचं, मृत्यूच्या तारखेपर्यंतचंच निघतं. आणि तीन वर्षं तुमच्या अर्जापासून मागे मोजली तर त्यातली दोन ते गेल्यानंतरची आहेत. म्हणजे तुमच्या हातात आज साधारण एक वर्ष उरलंय आणि तेही रोज कमी होतंय. तुम्ही या ताईपेक्षा जास्त घाई करा. याच आठवड्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, मृत्यू दाखला आणि त्यांचं डिस्चार्ज बुक घेऊन. कानाचं दुखणं तोफखान्यात असताना नोंदलेलं आहे का, ते हॉस्पिटलच्या कागदात पाहायचं. बाकी कागदाचं फोनवर बोलू, नंबर निरोपात पाठवा, इथे उघड लिहू नका.

बडनेरा गार्ड्स

मी स्वतः या वाटेने गेलोय म्हणून लिहून राहिलो. माझा गुडघा. ब्रिगेड ऑफ गार्ड्समध्ये होतो, रेकॉर्ड आपल्या कामठीलाच, त्यामुळं कागदासाठी लांब जा लागलं नाही. ताई, तुमच्यासाठी दोन गोष्टी.

एक, वकिलाचं. मुंबईत ट्रिब्युनलला वकील लावलाच पाहिजे असं नाही, माणूस स्वतः उभा राहू शकते. पण आपल्याले इंग्रजीत मुद्दे मांडणं जमत नाही, मी वकील केला. फी आधी ठरवून कागदावर घेतली, एरियरमधला हिस्सा असं काही नाही. २०२५ पासून नाल्साची (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची) वीर परिवार सहायता योजना निघाली आहे, तिच्यात सैनिक कल्याण कार्यालयातच मोफत कायदेशीर मदतीचं केंद्र असते. यवतमाळला सुरू झालं का ते जाऊन इचारा.

दुसरं, माझ्या अर्जात वकिलानं मागणी नुसती "योग्य तो दिलासा" अशी लिहिली होती. सही करायच्या आधी आमच्या सुभेदार साहेबांनी ते खोडायला लावलं आणि तारीख टाकायला लावली. निकालात अर्ज दाखल व्हायच्या आधीच्या तीन वर्षांपासून मंजूर झालं, पुढचं आयुष्यभर, आणि तीन महिन्यांत नाही दिलं तर ८ टक्के व्याज. पैसा सरळ माझ्या पेन्शन खात्यात आला, मधात कोणी नाही. ज्या दिवशी मेसेज आला त्या दिवशी बायकोनं विहिरीच्या मोटरचं उधार फेडलं.

दारव्ह्याची लेक

सगळ्यांचे खूप आभार. त्या माणसाला बाबांनीच फोन करून नाही सांगितलं.

पेटी पूर्ण रिकामी केली. बोर्डाचा कागद मिळाला. आजार आधी होता का, यापुढे "नाही". सेवेमुळे? "नाही". सेवेने वाढला? "नाही". कारणाच्या रकान्यात इंग्रजीत तीन शब्द आहेत, अर्थ "सेवेशी संबंधित नाही". बाकी रकाना कोरा.

आणि एक गोष्ट सापडली जिचा बाबांनाही विसर पडला होता. २००३ मधली रजिस्टर पोस्टाची पोचपावती, गुलाबी कार्ड, रेकॉर्ड ऑफिसचा शिक्का असलेली. तिच्यासोबत हिंदीत हाताने लिहिलेल्या अर्जाची कार्बन कॉपी. बाबांना आता आठवतं की गावातल्या एका मास्तरांकडून तो लिहून घेतला होता. त्यात लिहिलंय की माझी कमर ड्युटीवर गेली, माझा विचार पुन्हा करावा. त्याला उत्तर आल्याचा कुठलाही कागद नाही. याचा काही उपयोग आहे का, की जुनी गोष्ट म्हणून सोडून द्यायची?

सुभेदार क्लार्क (निवृत्त), मोर्शी

सोडून? बेटा, ते कार्ड आणि ती कार्बन कॉपी आधी प्लास्टिकच्या पाकिटात घाल, आणि पाऊस लागणार नाही अशा जागी ठेव. लॅमिनेशन करू नको, मूळ कागद कोर्टाला दाखवायला लागतो.

का ते सांगतो. तरसेम सिंग यांना तीन वर्षंच का मिळाली? ते सोळा वर्षं कोर्टात आलेच नाहीत म्हणून. तुझे बाबा तसे नाहीत. नामंजुरीनंतर वर्षभरातच त्यांनी फेरविचार मागितला, तो पोचला हे शिक्क्यावरून दिसतं, आणि उत्तर दिलं गेलं नाही. हिंदीत, साध्या कागदावर, पण ते अपीलच आहे. माणूस दाद मागून उत्तराची वाट पाहत राहिला आणि सरकार गप्प बसलं, हा मुद्दा आता तुमच्या अर्जात सगळ्यात वर येईल. तीन वर्षांच्या मागे जायची मागणी नुसत्या भावनेवर करता येत नाही, तिला असा कागद लागतो. न्यायाधिकरण तो मान्य करीलच याची हमी मी देत नाही. तरसेम सिंगचा निकाल त्यांच्यापुढे असणारच. पण मागायला भक्कम आधार मिळाला.

म्हणून मागणी दोन पायऱ्यांनी लिहायची. पहिली, डिस्चार्जच्या दुसऱ्या दिवसापासून, ५० टक्के ब्रॉड-बँडिंगसह, पूर्ण थकबाकी. दुसरी, ते मान्य नसल्यास निदान अर्ज दाखल होण्याच्या आधीच्या तीन वर्षांपासून. पहिली लिहिली नाही तर कोणी आपणहून देत नाही, आणि दुसरी लिहिली नाही तर वाद सगळा पहिलीवरच अडकून राहतो. व्याजाची मागणी वेगळ्या ओळीत.

अपिलाचा क्रम बदलतो का, हे विचारशील. माझं मत असं, नवं अपील करच, त्यात २००३ च्या अर्जाचा तारखेसह उल्लेख कर, पोचपावतीची झेरॉक्स जोड आणि "त्या अर्जावर आजपर्यंत निर्णय कळवलेला नाही" असं स्पष्ट लिही. सोबत वकिलाला कार्ड दाखव. कायद्यात अर्ज देऊन सहा महिने उलटले आणि निर्णय नाही तर न्यायाधिकरणात जायची वाट खुली होते. २००३ चा अर्ज धरला तर ते सहा महिने कधीच संपलेत. वकिलाला हे पटलं तर तो उशीर माफीचा अर्ज जोडून लगेच दाखल करील आणि तुमचे सहा महिने वाचतील. इथे सहा महिने म्हणजे सहा महिन्यांची पेन्शन, हे विसरू नको.

कारणाच्या रकान्याचा फोटो चांगल्या उजेडात काढ. कोरी जागा दिसली पाहिजे.

अकोल्याचा फौजी

ताई, मास्तर हयात असतील तर त्यांचं प्रतिज्ञापत्र घ्या, अर्ज मीच लिहिला म्हणून.

दारव्ह्याची लेक

मास्तर दिग्रसला मुलाकडे असतात, बाबा उद्या फोन लावणार आहेत. माहिती अधिकाराचा अर्ज आज स्पीड पोस्टने सागरला गेला. एक शेवटचं, आता बाबांना परत तपासणीला बोलावतील का? त्यांना लांबचा प्रवास झेपत नाही, एसटीत अर्धा तास बसलं की पाय बधिर होतो.

सुभेदार क्लार्क (निवृत्त), मोर्शी

बाबांचा बोर्ड ३० टक्के, आयुष्यभरासाठी असा आहे, म्हणून टक्केवारी ठरवायला पुन्हा बोर्ड लागू नये. वाद फक्त सेवेशी संबंध आहे की नाही याचा आहे आणि तो कागदावर लढायचा आहे. तरीही न्यायाधिकरणाने फेरतपासणीचा बोर्ड मागवला तर जवळचं हॉस्पिटल मिळावं अशी विनंती वकिलाने तिथल्या तिथे करायची, कामठीला मिलिटरी हॉस्पिटल आहे. बाबांच्या सध्याच्या दुखण्याचे सरकारी दवाखान्यातले कागद आतापासून एकत्र ठेव, पाय बधिर होतो हे डॉक्टरला सांगून केसपेपरवर लिहून घे. अपिलाचा मसुदा झाला की मला पाठव, मी रात्री जेवणानंतर पाहतो. आणि पोचपावतीचा फोटो ग्रुपवर टाकायचा असेल तर आर्मी नंबर आणि पत्ता झाकून टाक.